मधे काही नाही

बस मला उतरवून गेली तेव्हा साडेनऊ झाले होते.
परतीची सहाला. मधे काही नाही, ड्रायव्हर म्हणाला,
आणि 'मधे' म्हणताना हात असा फिरवला
की त्यात अख्खं गाव आलं.

पाटीवर नाव: लाव्हेर्न्य-ल-सेक. म्हणजे कोरडं लाव्हेर्न्य.
पाटीखाली हरवलेल्या मांजराचा कागद,
उन्हाने मांजर अर्धं पुसलेलं,
फोन नंबर मात्र शाबूत.

शाळा बंद. काचेला नाक लावून पाहिलं:
भिंतीवर एकवीस खुंट्या, माझ्या कमरेच्या उंचीला,
एकीवर अजून लाल टोपी.
चौकातल्या चिनारांच्या फांद्या छाटून छाटून
त्यांच्या मुठी झालेल्या.

दहाचे ठोके पडले. मोजले.
मिनिटभराने पुन्हा दहा.
म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं.

तेवढ्यात पावाची गाडी हॉर्न वाजवत आली.
कुठूनशी माणसं निघाली, पाच की सहा,
एकजण नुसत्या मोज्यांवर.
गाडीवाली गिस्लेन कुणाला काही विचारत नव्हती,
कुणाला जास्त भाजलेला, कुणाला अर्धाच,
तिला पाठ होतं.
शेवटी एक पाव उरला.
मादाम कोस्तचा, ती म्हणाली. गुरुवारपासून दवाखान्यात आहे.
मग आणलात कशाला?
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जणू मी वाईटसाईट बोलले.
घ्या, तुम्ही खा. तिच्या वहीत मांडलाय.

अशी मी एका अनोळखी बाईची देणेकरी झाले,
आणि तिचा पाव मोडत गाव पालथं घातलं.
पालथं घालायला कितीसा वेळ लागणार?
दोन गल्ल्या, एक उतार, कोंबड्या,
आणि एक कुत्रा, जो भुंकायला उठला
आणि विचार बदलून पुन्हा पडला.

चर्चपुढे दगडी शिपाई. पायाशी चौदा सालच्या लढाईतली नावं,
सात. त्यातले तीन कोस्त.
मी घास गिळला.

उताराच्या तळाशी धुण्याचं कुंड,
कौलारू छपराखाली, कपडे घासून घासून कडा गुळगुळीत.
आता कुणी धूत नाही, पाणी मात्र येतच राहतं,
ते नाव सार्थ करायला तयार नाही.
काठावर एक म्हातारा, फिर्मँ, पाय सोडून बसलेला.
त्याला घंटेचं विचारलं.
पहिल्यांदा, म्हणाला, वेळ कळते.
दुसऱ्यांदा कशाला?
शेतात असलं की माणूस मधूनच मोजायला लागतो,
त्याचा घोटाळा होतो. म्हणून परत.
आता शेतात कोण असतं?
तो पाण्यात पाय हलवत राहिला.

मादाम कोस्तचं घर त्यानेच दाखवलं.
निळ्या झडपा, बंद. अंगणात अक्रोडाचं झाड,
खाली अक्रोडांचा सडा,
हिरवी सालं फुटून काळी पडायला लागलेली.
तिच्या घराच्या पायरीशी एक रिकामी टोपली होती.
पावाचा हिशेब मनात होताच.
मी वाकले. उन्हं उतरेपर्यंत वाकूनच होते.
टोपली भरली, मग ओटीत घेतले,
ते खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने मांडले.
फिर्मँ कुंपणापलीकडून एवढंच म्हणाला,
हातमोजे घालायचे होते. हा डाग आठवडाभर जात नाही.

सहाला पाच कमी असताना बस आली.
तोच ड्रायव्हर. त्याने माझी बोटं पाहिली,
काळीभोर, दौतीत बुडवल्यासारखी,
आणि तिकीट टोकाने धरून दिलं.

सहा वाजले. मी मोजले.
त्याने इंजिन सुरू केलं नाही,
हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिला,
दुसऱ्यांदा सहा पडेपर्यंत.
दार उघडंच होतं.
कुणी आलं नाही.