हेही पाहा

शरयू टिपणीस बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा त्या 'क्ष'वर चिडल्या होत्या.
शेवटी कशाला बसवलाय त्याला, पाहुण्यासारखा?
क आणि ष. म्हणजे घर क-मध्ये.
क्षार शोधायला आलेला माणूस
अख्खी मुळाक्षरं का ओलांडेल?

तुर्भ्याचा रंगांचा कारखाना, दुसरा मजला, लायब्ररी.
खिडकीत ॲसिडचा वास, खाली ठाणे-बेलापूर रोड.
मी घणसोलीचा मढवी, दहावी नापास,
कार्डं कापायला लागलो. पाच बाय तीन,
खालच्या कडेला भोक, सळई ओवायला.
बाप म्हणायचा, मिठागर गेलं
नि पोरगा कागद कापतोय.

बाई पुस्तक मागून वाचत.
म्हणत, लेखकाला काय सांगायचंय ते अनुक्रमणिकेत,
वाचणाऱ्याला काय हवंय ते सूचीत,
आणि दोघांची गाठ पडली नाही
तर दोष सूचीकाराचा.
यावर त्यांचं चाळीस पानी टिपण होतं,
सायक्लोस्टाईल करून बडोद्याला, बंगलोरला, कुठंकुठं धाडलेलं.
उत्तरं आली दोन. एकात नुसतीच पोच.
वीस वर्षांनी एक जपानी बाई ते शोधत
नौपाड्यातला त्यांचा जिना चढून आली, घामेघूम.
बाईंनी तिला कोकम सरबत दिलं, मला म्हणाल्या,
बघ, सापडलं की नाही?

एकदा मी लिहिलं,
घणसोली: पाहा सेक्टर.
कार्ड परत आलं, पेन्सिलीनं उलटा बाण.
मढवी, 'पाहा' म्हणजे बोट दाखवणं.
कुणाकडे दाखवतोयस ते बघून लिही.
सेक्टर: पाहा गाव.
ते मी घरी नेलं. बापाला वाचता येत नव्हतं,
तरी टोपीच्या घडीत ठेवलंन.

मग कारखान्याला पंचवीस वर्षं झाली.
गुळगुळीत कागदावरचा इतिहास, मालकांचे फोटो,
सूची बाईंकडे.
अ-मध्ये त्यांनी लिहिलं,
अपघात, बॉयलरचा, तीन माणसं.
पुढे पानाचा आकडा नाही,
कारण पुस्तकात ते नव्हतंच.
व्होरासाहेबांनी लाल रेघ मारली.
जे पुस्तकात नाही ते सूचीत कसं?
बाई म्हणाल्या, बरोबर आहे.
मला वाटलं, संपलं.

रात्रभर बसून त्यांनी पुस्तक पुन्हा वाचलं.
पान एकसष्ट, बारीक टाइपातली तळटीप:
तांत्रिक कारणास्तव चार दिवस सुट्टी.
सकाळी कार्ड तयार होतं.
अपघात: पाहा सुट्ट्या.
तीन शब्द. साहेब बघत राहिले,
पंखा फिरत राहिला,
एकसष्टावं पान त्यांनी स्वतःच तपासलेलं होतं.
छापलं.

समारंभाला ऐरोलीची एक बाई आली होती, मुलीला घेऊन.
खाण्याचं पाकीट तिनं घेतलं नाही, पुस्तक मागितलं.
मुलीनं शेवटून उघडलं, अ शोधला,
आईचं बोट धरून तिथं ठेवलं.
टिपणीस बाई मागच्या रांगेत
चष्मा पुसत होत्या, उगाच, खूप वेळ.
त्यांची बढती त्या वर्षी राहिली, पुढच्याही.

मागच्या पावसाळ्यात बाई गेल्या.
भाच्यानं फ्लॅट रिकामा केला, कपाट रद्दीवाल्याला.
मी वागळे इस्टेटला पोचेस्तोवर
एकच खण उरला होता, ठ ते ढ.
टिपणीस त्याच्या आधीच्या खणात असणार.
तो गेला.
ऐंशी रुपये म्हणाला. दिले.

घरी सळई काढली. गंजली होती, हाताला लागली.
ठसा.
ठाणे: पाहा तलाव; तलाव, बुजवलेले.
ठिणगी: हेही पाहा.
आणि पुढे काही नाही,
पेन्सिलीचं टोक मोडल्याचा
एक ठिपका.