चौदा रात्रींचा सातबारा

डांबर संपतं, मग खडी संपते,
मग नुसत्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये गुडघाभर गवत.
ओरेगनच्या नकाशात या रस्त्याला नाव नाही, आकडा आहे.
तिथं गाडी थांबवली की टर्निप आधी उडी मारते.
डीकनला उतरवावं लागतं,
त्याचे मागचे पाय आता त्याचं ऐकत नाहीत.

कुणीतरी मागे ठेवून गेलेलं दगडांचं कडं,
जुनी राख, बाटलीचं झाकण, लहान मुलाचा एक मोजा.
ऊन तापलं की पाइनच्या सालीला नाक लावावं,
केक भाजल्यासारखा वास येतो.
आईनं दाखवलं होतं मला.
मी दाखवलं ते या दोघांना,
त्यांना बुंध्याशी दुसराच काही मजकूर सापडला.

टर्निप लगेच कामाला लागते.
या झाडापाशी थोडं, त्या झाडापाशी थोडं,
खोडाखोडावर स्वतःचा सातबारा लिहीत जाते.
फाट्यावर सरकारचीही पाटी आहे, बंदुकीच्या छऱ्यांनी चाळण झालेली:
मुक्काम फुकट. जास्तीत जास्त चौदा रात्री.
टर्निपची नोंद एका सरीत धुऊन जाते,
म्हणून ती रोज नव्यानं करते.
सरकारनं पाटी एकदाच लावली.

घरमालकाच्या नव्या करारात एकच ओळ ठळक होती,
प्राणी चालणार नाहीत.
एकोणीस वर्षं लाकडाच्या गिरणीत हिशेब लिहिले मी,
ठळक ओळ वाचता येते.

ओढ्यापलीकडे हार्लन राहतो,
शाळेच्या जुन्या पिवळ्या बसमध्ये, तीन शिकारी कुत्र्यांसोबत.
शिकार त्यानं कधीच सोडली.
कुत्र्यांना अजून सांगितलेलं नाही.

नवव्या रात्री टर्निप साळिंदराची चौकशी करायला गेली
आणि तोंडाचा खराटा करून परत आली.
हार्लन पक्कड घेऊन आला, कपाळावर बॅटरी बांधून.
मी तिचं डोकं मांडीत दाबून धरलं.
तो एकेक काटा ओढायचा
आणि पत्र्याच्या डब्यात टाकायचा,
टण्.
टण्.
सत्तावीस वेळा.
तेवढा सगळा वेळ डीकन आमच्याभोवती फिरत राहिला,
ज्या पायांवर त्याला उभं राहता येत नाही
त्याच पायांवर.

तेराव्या दिवशी टेकडीवर गेले, फोनला रेंज तिथंच येते.
निरोप होता: गावात एक खोली रिकामी झालीय,
भाडं परवडेल,
एक कुत्रं चालेल, पंचवीस पौंडांच्या आतलं.
टर्निप अडतीस. डीकन एकाहत्तर.
हिशेबनीस बाईनं हे गणित दोनदा मांडून पाहिलं
आणि उतरताना जळणासाठी वाळक्या फांद्या वेचल्या.

चौदाव्या दिवशी रेंजर वेलास्को आला.
पोरगाच तो, मिशी अजून नीट ठरलेली नाही.
परवापासून हरणांची शिकार सुरू होते म्हणाला,
आणि भगभगीत नारिंगी कापडाचे दोन तुकडे दिले,
यांच्या गळ्यात बांधा, कुणाला भलतंच काही वाटायला नको.
डीकननं त्याचा बूट सविस्तर हुंगला.
मग त्यानं वही काढली.
किती रात्री झाल्या तुमच्या?
मी तोंड उघडलं,
तेवढ्यात तोच म्हणाला, माझ्याकडे बारा दिसतात.

एकोणीस वर्षांत समोरच्याचा चुकलेला आकडा
मी कधी तसाच जाऊ दिला नव्हता.
पाच सेंटांसाठी रात्री आठपर्यंत बसलेय.

त्याची गाडी वळणाआड गेल्यावर
हार्लनची तिन्ही कुत्री उगाचच भुंकली.
मी निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं,
राखेला उलटा हात लावून पाहिला, गार झाली का,
डीकनला उचलून तंबूत घेतलं.
झोपेत तो अजून पळतो,
चारही पायांनी.

या दोन रात्री
जमेला धरायच्या की नावे,
अजून ठरलेलं नाही.