बासष्ट सेंटिमीटर

रोज संध्याकाळी ते वाळूवर दंताळं फिरवायचे,
पहाटे पावलं उमटलेली दिसली
तर कोण गेलं ते कळावं म्हणून.
आमच्या हिऊमा बेटावरच्या होड्या
त्याआधीच करवतीनं कापल्या होत्या,
मधोमध, पाव कापावा तशा.

त्यातल्या एकीची फळी एंडेलनं
कोटाआड दडवून घरी आणली.
मी विचारलं, चुलीला?
तो म्हणाला, नाही.
एवढंच.
माझा नवरा शब्द मोजून द्यायचा,
पगार द्यावा तसे.

मग सात हिवाळे माझं स्वयंपाकघर त्याची गोदी झालं.
कणा त्या फळीचा.
बरगड्या सफरचंदाच्या, थंडीत मेलेल्या झाडाच्या.
माझ्या बटाट्यांच्या वाफेवर पट्ट्या वाकायच्या,
आगकाडीएवढ्या रुंद,
आणि त्या वाकेस्तोवर बटाट्यांचा लगदा.
सात हिवाळे आम्ही लगदा खाल्ला.
सरसाचा वास केसांत, उशीत,
नाताळच्या केकमध्येसुद्धा.

डोलकाठीचे दोर ताणायला
लाकडाचे मणी लागतात, तीन-तीन भोकांचे.
मी त्यांना माकडतोंडं म्हणायची:
दोन डोळे, खाली आ वासलेलं तोंड.
अठ्ठ्याऐंशी कोरले. सत्त्याऐंशी उरले,
कारण मैमू तेव्हा तीन वर्षांची होती
आणि दिसेल ते तोंडात.
दोन दिवस बाप तिच्या भांड्यापाशी बसून होता.
नाही आलं.
तिच्या पोटात कुठेतरी अजून
एक दोर बांधायचा राहिला आहे.

शिडं सासूच्या चादरीची, टाके माझे.
त्याला सेंटिमीटरला आठ हवे होते.
मी सहा घातले.
आजवर कुणाला कळलेलं नाही.

झडतीला आलेला अधिकारी गवताळ मुलखातला,
समुद्र त्यानं नोकरीतच पाहिलेला.
पलंगाखाली वाकला, पिठाच्या डब्यात हात घातला,
मग कपाटावर नजर गेली आणि टोपी काढली.
बोटाच्या टोकानं सुकाणू हलवून बघितलं.
हललं.
कपाळाला आठ्या.
परवाना कुठाय?

हसू दाबता दाबता माझा श्वास कोंडला,
पण तो हसत नव्हता.
शिवणाची टेप मागितली, वही उघडली,
आणि शाळेतल्या पोरासारखी जीभ दातांत धरून लिहिलं:
जलयान एक. लांबी बासष्ट सेंटिमीटर.
इंजिन नाही. खलाशी नाहीत.
इथे सही करा.

केसाएवढ्या दोऱ्याला गाठ मारताना
जो हात सात हिवाळे कधी थरथरला नाही
तो तेव्हा थरथरला.
रात्री अंधारात उशीरा म्हणाला,
लाइने, झोपलीस?
माझ्या नावावर जहाज आहे.

आमच्या भाषेत लाइने म्हणजे लाट.
त्यावरून त्यानं एकदाच थट्टा केली होती,
लग्नाआधी. ती सांगत नाही.

आता किनारा मोकळा आहे.
उन्हाळ्यात पोरं अनवाणी वाळू तुडवतात,
कुठूनही कुठेही, कुत्रीही.
एंडेल त्या वाळूवर दोनदा गेला,
दुसऱ्यांदा माझ्या हाताचा आधार घेऊन,
आणि मागे वळून स्वतःची पावलं बघत उभा राहिला
पाय गारठेपर्यंत.

मैमू म्हणते, संग्रहालयाला देऊन टाक.
पाहुणे विचारतात, पाण्यावर तरंगेल का?
मला ठाऊक नाही.
त्यानं कधी बादलीतही सोडून पाहिलं नाही.

शनिवारी बदकाच्या पिसानं धूळ झाडते.
जहाजाची नाळ खिडकीकडे,
जिथून स्वीडन दिसत नाही पण आहे.
तेव्हा गाडीचा आवाज आला
की मी ती भिंतीकडे वळवून ठेवायची.
अजूनही दाराशी गाडी थांबली
की माझ्याआधी माझे हात उठतात.
टपालवाला असतो.
मग परत फिरवते,
हळू, दोन्ही हातांनी,
आणि सत्त्याऐंशी माकडतोंडं
आ वासून माझ्याकडे बघत राहतात.