शब्दामागे अकरा सेंट

मूळ शब्दामागे अकरा सेंट मिळतात मला.
डच भाषा कंजूष:
मेंदू, पडदा, दाह एका दमात जोडते
आणि एकाच शब्दाचे पैसे देते.

ग्रोनिंगेन. खिडकीखाली सायकली भिजताहेत.
टेबलावर सीत्से हूकेमांची फाइल,
लीड्सला लेकीकडे जायची, शुक्रवारच्या आत.

किल्लीचं हाड मोडलेलं, ट्रॅक्टरवरून पडून.
आंधळं आतडं लहानपणीच काढलेलं.
इंग्रजीत गेली की दोघं लॅटिन होतात,
लग्नाला सूट घालून आल्यासारखी.

पान चार. आउटझायिंग.
शब्दशः: दूरवर झालेली पेरणी.
यकृतात तीन, मणक्यात एक.
इंग्रजी शब्दात बी नाही, माती नाही,
मूठ उघडल्याचा आवाज नाही.
मेटास्टॅसिस. लिहिला. बरोबर आहे तो.

संध्याकाळी त्यांचाच फोन:
"बाई, त्या शब्दाचं काय केलंत?"
चाळीस वर्षं बीट पेरलेला माणूस.
मी सांगितला.
त्यांनी दोनदा म्हणून पाहिला, जिभेला जड गेला.

"बरं झालं," म्हणाले,
"यात माझा हात दिसत नाही."
मग विचारलं, पोस्टाचे किती झाले.