केस धरले तर

तळघरातली खोली, बॉयलरला लागून.
जमिनीवर निळ्या गाद्या, शाळेतल्या कुस्तीच्या असाव्यात,
आणि आम्ही अकरा जण नुसत्या मोज्यांवर.
बूट दाराशी ओळीत,
जसं काही कुणाकडे जेवायला आलोय.
बाहेर डुलुथ उणे बावीसवर,
सरोवर गोठलेलं, खनिजाची जहाजं धक्क्याला खिळून.

शिकवणारा रँडल टोर्विनेन.
पूर्वी वीस वर्षं तुरुंगात होता,
म्हणजे पहाऱ्यावर, हे तो घाईघाईने जोडतो.

खोलीत शिरलात की दार पाठीशी ठेवा, म्हणतो.
पलंग आणि भिंत यांच्यामध्ये सापडू नका.
स्टेथोस्कोप गळ्यात नको, तो दागिना नाही, दोर आहे.
मनगट धरलं तर अंगठ्याच्या बाजूने सुटा,
तिकडे चार बोटं असतात, इकडे अंगठा एकटा.
चावलं तर हात ओढू नका, उलट आत ढकला.
(रक्त काढणारा डेशॉन इथे
बाही हळूच मनगटापर्यंत खाली घेतो.)
आणि केस धरले तर मागे सरू नका.
त्याचा हात दोन्ही हातांनी
आपल्याच डोक्यावर दाबून धरा.

मी लिहून घेते.
एकवीस वर्षं मी नुसतं सॉरी म्हणत सुटत आले.

मग जोड्या.
सहा फूट चार इंचांचा वॉर्डबॉय ओले
माझा गळा धरण्याआधी माफी मागतो,
सगळे हसतात, तो लाल होतो.

मग मार्लिस. चौथा मजला, रात्रपाळी.
डब्यावर तारखेची चिठ्ठी लावणारी मार्लिस,
लिफ्टमध्येसुद्धा कुजबुजणारी.
रँडल म्हणतो, तू चिडलेला पेशंट हो.
तोंडाला येईल ते बोल.

तिला शोधावं लागत नाही.

गोठा तूच पेटवलास, म्हणते ती.
बघितलं मी, काडीपेटी पदराआड नव्हे, बुटात होती तुझ्या.
गाई ओरडत होत्या आणि तू उभी होतीस, सटवे.
मग शिव्या, एकापुढे एक, पाठ असल्यासारख्या,
आणि मध्येच थांबे,
म्हाताऱ्याचा दम जिथे जिथे संपतो तिथे.
तिचा हात माझ्या वेणीपर्यंत येतो
आणि हवेतच राहतो.

बॉयलर घुर्रर्र करून बंद पडतो.

कोणती खोली, रँडल विचारतो.
चौदा. नोव्हेंबरात.
फॉर्म भरलास?
फॉर्मवर हेतू विचारतात, ती म्हणते.
त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, त्याचा हेतू मी काय लिहू?
त्याचा गोठा अजून जळतोय.

मग काय केलंस?
तुम्ही आत्ता सांगितलंत तेच.
ओढलं की दुखायचं,
म्हणून त्याचा हात डोक्यावरच दाबून धरला.
वीस मिनिटं.
मग बोटं सैल झाली. झोपला.

दारातून कुणी बघितलं असतं
तर वाटलं असतं, बाप लेकीच्या डोक्यावर हात ठेवतोय.
हे मला वाटतं. तिला नाही.
ती टोपी काढते, कानामागे दाखवते,
नाण्याएवढी जागा, अजून गुळगुळीत.
मी घंटा दाबली होती, म्हणते.
बत्तीस पेशंट आणि आम्ही दोघी.
दुसरी बाथरूममध्ये एकाला उचलत होती.
घंटेला कुणी आलं नाही.
त्याची पकड शिकवाल?

रँडल हातातला मार्कर उघडतो,
पुन्हा बंद करतो.
नाही, म्हणतो. ती मला येत नाही.

चार तासांचं प्रमाणपत्र मिळालं.
माझ्या नावात एक अक्षर चुकलंय.
बूट घालताना मार्लिसने माझ्या खांद्याचा आधार घेतला,
कुणी काही बोललं नाही.

आज रात्री चौदा नंबर रिकामी आहे.
दार ते पलंग, साडेतीन पावलं.
मी दाराकडे पाठ करून उभी राहते,
घंटा दाबते,
आणि मोजायला लागते.