मानस

अर्जाच्या दुसऱ्या पानावर विचारलंय:
उमेदवाराचा पुढील मानस काय.
खाली चौकट, दोन बोटांची.

फर्मागुडीच्या टेकडीवर, खिडकीमागे शणै बाई
चष्मा कपाळावर सरकवून समजावतात.
प्रबंध घेतलास तर आठ विषय आणि वर्षभर एकच काम,
प्रकल्प घेतलास तर दहा, आणि सहा महिने,
दोन्ही नको तर बारा विषय, परीक्षा, सुटलीस.
"नोकरीवाले तिसराच घेतात गो,"
असं म्हणतात, जसं कॅन्टीनवाल्याने सांगावं
भाजी-पाव घ्या, बाकीचं संपलं.

माझी पदवी रसायनाची.
म्हणून आधी द्रवगतिकी, मृदायांत्रिकी, संख्याशास्त्र.
तिन्ही पास व्हायचेच,
पण मोजणीत धरायचे नाहीत.
अनिवार्य, शून्य श्रेयांक,
अनिवार्य, शून्य श्रेयांक,
बसने दुर्भाटच्या उतारापर्यंत हेच म्हटलं.

आमच्याकडे मानस म्हणजे मन नव्हे.
मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं दार,
भरतीला आपणहून मिटतं,
ओहोटीला शेतातलं पाणी नदीला परत करतं.
मोटार नाही, बटण नाही,
माट्टीच्या जुन्या फळ्या
आणि झुवारीचा स्वतःचाच धक्का.

सांतान बांधावर बसलेला, पाय चिखलात.
मी विचारलं, मीठ किती?
त्याने ओंजळ जिभेला लावली, थुंकला.
"कोरगुटीक चालता. भेंड्यांना नको."
मग मी पिशवीतला मीटर काढला,
त्याने आकडा दिला, दशांशचिन्हासकट.
आकड्याला कोरगूट ठाऊक नव्हती.

कुर्लीने बांध कुठे पोखरला
हे तो पावलाखाली ओळखतो.
अमावास्येला दोनदा उठतो, घड्याळाशिवाय.
चाळीस वर्षं.
कुठल्या काठचा चिखल उन्हात तडकत नाही
हे त्याला कुणी विचारलेलं नाही,
आज मी विचारलं, तर आधी हसला, मग
नाही सांगितलं.

सांगितलं ते दुसरंच:
यंदा मासळीची पावणी ज्याने घेतली
तो रात्री दार दोरीने वर बांधतो,
शेवटे जास्त गावतात म्हणून.
वरची तीन शेतं पांढरी पडलीत.
जाऊन पाहिली. खाली वाकले तर
मिठाची साय, तिच्यावर पाखराची पावलं.

डॉ. मिनेझिस मॅडमना मार्गदर्शक म्हणून सही हवी होती.
"विषय?"
दार, मी म्हटलं. रात्री कुणीतरी बांधून ठेवतं ते.
त्यांनी फळ्यावर प्रवाहाचं समीकरण लिहिलं,
लांबलचक, सुंदर, डावीकडून उजवीकडे वाहणारं,
आणि खडू माझ्या हातात दिला:
"यात दोरी कुठे घालशील?"

मी बराच वेळ फळ्यासमोर.
खाली कुणीतरी क्रिकेट खेळत होतं.

सही त्यांनी केली. पेन्सिलीने.
"पाच महिन्यांचे आकडे आण, रात्रीचेसुद्धा,
मग शाईने करते.
आणि त्या माणसाचं नाव
आभारात नको, पद्धतीच्या प्रकरणात घाल."

वेर्ण्याच्या कंपनीचा मेसेज तोवर येऊन पडलेला:
प्रयोगशाळा, रात्रपाळी, जेवण मोफत,
कळवा.
अजून कळवलेलं नाही.

पाचला दहा कमी.
चौकट अजून कोरी, दोन बोटांची.
मी लिहिलं:
दुर्भाट, तिसरी मानस, भरतीला बंद, ओहोटीला उघडी.

शणै बाईंनी चष्मा खाली घेतला, वाचलं.
"हा पत्ता झाला, बाय. मानस लिही."
मी म्हटलं, तीच.
त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे,
आणि शिक्का मारला,
कारण पाच वाजत आले होते
आणि त्यांना बांदोड्याची बस गाठायची होती.