एकोणिसावा मजला

पवईच्या त्या लिफ्टला आत बटणंच नाहीत.
मजला बाहेरच सांगायचा, मग पडदा म्हणतो, 'सी'मध्ये जा.
आत शिरल्यावर मत बदलायची सोय नाही.

वर काचेची खोली, पांढरा फळा,
अर्धवट सुकलेला हिरवा मार्कर,
आणि देवव्रत. माझ्याहून दोनेक वर्षांनी लहानच असेल.
पाणी विचारतो, माझं आडनाव नीट उच्चारतो,
आणि सांगतो, पंचेचाळीस मिनिटं.

प्रश्न लिफ्टचाच निघाला.
तळमजल्यावर रांग, ज्याला जायचंय तो मजला दिलेला,
एका खेपेत मावतील तेवढेच.
कमीत कमी चढ-उतारात सगळ्यांना पोचवा.

मला हसू आलं. ते त्यानं कुठंतरी टिपून घेतलं.

सव्वीस वर्षं बॅलार्ड इस्टेटच्या एका इमारतीत
बाबांनी हेच गणित केलंय,
स्टुलावर बसून, पितळी दांडा हातात.
जाळीतून नुसत्या चपला बघून ओळखायचे
कोण सहीपुरतं खाली चाललंय, कोण कायमचं.
चौथ्यावरच्या दस्तूरबाईंची घंटा वाजली
की सातव्यावरचे तिन्ही साहेब ताटकळायचे.
ह्याला काय म्हणायचं, देवव्रत?
अपवाद, की बग?

मी एक लूप लिहिला. त्याच्या पोटात दुसरा.
"चालेल," तो म्हणाला, "पण माणसं एक लाख असली तर?"

बाबांच्या लिफ्टमध्ये पाटी होती: फक्त सहा व्यक्ती.

भिंतीवर घड्याळ नव्हतं.
ते त्याच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात,
मला फक्त त्याच्या डोळ्यांत दिसायचं.
"मोठ्यानं विचार करा," तो म्हणाला.
आमच्याकडे विचार करताना गप्प बसतात.
बोटं हिरवी झाली, फळा पुसून पुसून मळका,
उत्तर जिभेवर होतं, खरंच होतं,
बेचाळिसाव्या मिनिटाला त्यानं खुर्ची हलकेच मागं घेतली.

उतरताना, अकरा आणि दहाच्या मधे कुठंतरी, आलं.
मजल्यांप्रमाणे लावून घ्यायचे, उतरत्या क्रमानं.
सर्वांत लांबचा आधी, त्याच्यासोबत मावतील तेवढे.
चार ओळी!
परत वर न्यायला आत एक बटण नाही.

घरी बाबा वाल सोलत बसलेले.
झालं का, मिळालं का, काही नाही.
"कितवा मजला?"
"एकोणिसावा."
"लिफ्टवर कोण होतं?"
"कोणीच नसतं, बाबा."
दोन-तीन वाल त्यांनी सालासकटच ताटलीत टाकले.
मग म्हणाले,
"दार तरी नीट लागतं ना?"